हात गुंतलेले, मन मोकळे



घरभेटीला गेलो की दोन तक्रारी आमच्या कानावर हमखास येतात. पहिली बहुधा आयाबायांची : "फादर, जपमाळ हातात घेतली की मन जागेवर राहात नाही. दुसऱ्या रहस्यापर्यंत ते बाजारात जाऊन परत येते." दुसरी तक्रार नोकरीतून निवृत्त झालेल्या पुरुषांची : "इतकी वर्षे लोकल पकडली, आता दिवसभर घरी. हाताला काम नाही आणि डोक्यात नुसते विचार." पहिलीत मन भटकते याची लाज आहे, दुसरीत मन भटकते याची भीती आहे. या भटक्या मनाची बाजू कोणी घेत नाही. आज ती आपण थोडी घेऊ या.

आपल्या भाषेलाच रिकामपणाचा राग आहे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो असे आपण म्हणतो. रिकामटेकडा ही तर शिवीच झाली. त्यामुळे कोणी अंगणात नुसता बसलेला दिसला की घरातून हाक येतेच : "बसलात काय नुसते? जरा दळण तरी घेऊन या." परंतु याच भाषेने एक बारीक भेदही जपून ठेवला आहे. चिंता आणि चिंतन हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले. दोन्हींत मन एकाच गोष्टीभोवती फिरत राहते. चिंतेत ते घाण्याच्या बैलासारखे फिरते आणि चिंतनात रानात सोडलेल्या गुरासारखे. एकच मन एका वेळी थकून का येते आणि दुसऱ्या वेळी ताजे होऊन का येते, हा खरा प्रश्न आहे. आमचे उत्तर असे की, पुष्कळदा ते हातांवर अवलंबून असते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या आज्या-पणज्यांनी घालून दिले आहे. पहाट होण्यापूर्वी उठून जात्यावर बसायचे, एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे घालायचे. हाताला ते काम इतके सवयीचे की त्यासाठी वेगळा विचार करावा लागत नसे. मात्र अंग त्यात पूर्ण गुंतलेले असे. मन तेवढे मोकळे. ते माहेरी जाई, भावाच्या वाटेला लागे, पंढरीला जाई, नवऱ्याच्या माराकडे आणि सासूच्या बोलाकडेही जाई. आणि तिथून ओवी घेऊन परत येई. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे असलेले गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकापासून खेड्याखेड्यांतून या ओव्या गोळा केल्या. मुळशीसारखा आपल्याच घाटमाथ्याच्या वरचा डोंगराळ मुलूखही त्यात आहे. जमा झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आणि २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण जीवनाविषयीच्या संकेतस्थळावर लोकांसमोर येऊ लागल्या. त्यांत देवादिकांच्या ओव्या आहेत, तशाच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्याही आहेत. एक लाख ओव्या! या बायांपैकी बहुतेकींनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. "आज या विषयावर विचार करा" असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. विचार करायला निवांत जागा, वही, टेबल यांपैकी काहीही नव्हते. होते ते एक जाते आणि उजाडायच्या आतला अंधार.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) याच परंपरेतल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि घरात हात चालू असताना त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक तरुण यांनी त्यातली काही लिहून ठेवली म्हणून ती १९५२ साली पुस्तकरूपाने आपल्याला मिळाली. लिहून न ठेवलेली किती गेली असतील!

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दळणे हे सुख नव्हते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जाते सुटले म्हणून रडणारी बाई आमच्या ऐकिवात नाही, आणि रडावे असे त्यात काही नव्हतेही. हाताचे घट्टे गेले, ते बरेच झाले. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा तासभर जाते ओढून पाहावे. परंतु गिरणीने जो वेळ मोकळा केला, त्यात मनाला फिरायला जागा मात्र कोणी ठेवली नाही. कष्ट गेले ते चांगले झाले. कष्टाच्या आडोशाने बाईला स्वतःच्या मनाशी बोलायला मिळत होते, तो आडोसाही त्याबरोबर गेला. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला आपण शिकले पाहिजे.

हात गुंतलेले असताना मनाचे नेमके काय होते? गाय लांब दाव्याने बांधावी तसे काहीसे होते. आखूड दाव्याने बांधली तर तिला चरता येत नाही. दावे सोडूनच दिले तर ती दुसऱ्याच्या भातात शिरते. दावे लांब असले म्हणजे ती पोटभर चरते आणि खुंट्यापासून फार दूरही जात नाही. विणकाम, भाजी निवडणे, लाकूड तासणे, बागेतले तण काढणे, फाटलेला सदरा शिवणे ही कामे म्हणजे लांब दावे. टाका चुकला की मन परत येते, टाका नीट पडला की पुन्हा चरायला निघते.

हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सुमारे २,२५० माणसांना त्यांनी दिवसातून अधूनमधून फोनवरून विचारले की, आत्ता तुम्ही काय करत आहात, मन कुठे आहे आणि तुम्हाला कसे वाटते आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते, आणि अशा वेळी माणसे एकंदरीत कमी सुखी होती. वाचणाऱ्यांनी लगेच निष्कर्ष काढला की मन भटकणे वाईट. पण त्याच अभ्यासात असेही आढळले होते की, सुखद गोष्टींकडे गेलेले मन जागेवरच्या मनापेक्षा अधिक दुःखी नव्हते. दुःखी होते ते अप्रिय किंवा कोरड्या गोष्टींकडे गेलेले. म्हणजे मन निघाले एवढ्यावरून काही ठरत नाही. ते कुठे जाऊन बसले ते पाहावे लागते. आमच्या निवृत्त मित्रांचे नेमके हेच होते. हात मोकळे आणि दावे तुटलेले, मग मन पेन्शन, गुडघे आणि मुलाचे न आलेले फोन यांच्याच भातात शिरते.

ही गोष्ट ख्रिस्तसभेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संत अंतोनी म्हटले की आपल्याला पादुआचे अंतोनी आठवतात, ज्यांच्याकडे आपण हरवलेल्या किल्ल्या मागतो. आम्ही म्हणतो ते त्यांच्याही आधीचे, इजिप्तच्या वाळवंटातले, इ. स. ३५६ मध्ये निधन पावलेले मठाधिपती अंतोनी. वाळवंटातल्या साधूंच्या वचनांचा जो जुना संग्रह आहे, त्यात त्यांची एक कथा येते. एकांतात बसलेले असताना त्यांना विलक्षण कंटाळ्याने आणि नाना विचारांनी घेरले. मला तरायचे आहे पण हे विचार मला सोडत नाहीत, अशी कळवळून त्यांनी प्रार्थना केली. बाहेर आले तो त्यांच्यासारखाच एक माणूस बसून काम करताना त्यांना दिसला. तो काम सोडून उठे आणि प्रार्थना करी, पुन्हा बसे आणि ताडाच्या पात्यांची दोरी वळू लागे, पुन्हा उठे. तो देवदूत होता. असे कर म्हणजे तरशील, एवढेच त्याने सांगितले. देवदूताने अंतोनींना विचार मारून टाकायला सांगितले नाही हे आमच्या लक्षात राहते. त्याने त्यांच्या हातात दोरी दिली.

त्या साधूंनी या कंटाळ्याला 'दुपारचा सैतान' असे नाव दिले होते. चौथ्या शतकातल्या एव्हाग्रियसने त्याचे वर्णन केले आहे. साधू खिडकीतून बाहेर डोकावतो, जेवणाची वेळ झाली का म्हणून सूर्याकडे पाहतो, कोणी भेटायला येते आहे का ते पाहतो, पुन्हा सूर्याकडे पाहतो. सूर्याच्या जागी मोबाइल ठेवला की हे वर्णन आपल्या घरातले होईल.

याहून मजेशीर कथा मठाधिपती पौलाची. पाचव्या शतकात जॉन कॅशियन याने ती लिहून ठेवली. हा पौल शहरापासून सात दिवसांच्या वाटेवर राहात असे. तो रोज ताडाच्या पात्यांचे काम करी, पण माल विकायला नेणे शक्य नव्हते, कारण वाटखर्चच मिळकतीहून जास्त झाला असता. वर्षभरात गुहा भरून जाई. मग तो सगळा माल जाळून टाकी आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामाला बसे. कॅशियनने ही कथा सांगितली ती कष्टाचे महत्त्व पटवण्यासाठी. आम्हाला तीत आणखी काही दिसते. विकायचे नाही, कोणाला दाखवायचे नाही, तरी विणायचे, यात त्या माणसाला काहीतरी मिळत होते. अर्थात जाळण्याची गरज आपल्याला नाही; आपल्याकडे टोपल्यांना गिऱ्हाईक आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक जुना वाद आमच्या वाट्याला आला होता. अॅनाक्सागोरस म्हणे, माणसाला हात आहेत म्हणून तो सर्वांत शहाणा प्राणी झाला. अॅरिस्टॉटलने ते उलटवले : माणूस सर्वांत शहाणा म्हणून त्याला हात मिळाले. परीक्षेत दुसरे उत्तर लिहावे लागे. परंतु मनातून आम्ही अॅनाक्सागोरसच्या बाजूला होतो आणि अजूनही आहोत. आपल्याच जिल्ह्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांचे पाहा. एवढा मोठा अभ्यासक, पण १९१६ साली गांधीजींना पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा गांधीजी आश्रमात भाजी चिरत बसले होते, आणि त्यांनी पाहुण्याच्याही हातात सुरी दिली. पुढे विनोबांनी तासन्‌तास सूत कातले, ते विचारांतून सुटका म्हणून नव्हे.

आता मोबाइलविषयी. दोष देणे सोपे आहे आणि देणाऱ्यांच्याही खिशात तो असतोच. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. लोक म्हणतात मोबाइलमुळे मन भटकते. आम्हाला वाटते, त्यामुळे मन भटकायचेच थांबते. बोट हलत असते, पण तो नुसता हाताचा चाळा, त्यातून काही तयार होत नाही. आणि मन आपल्या पायांनी कुठेच जात नाही, त्याला कोणीतरी हात धरून फिरवत असते. अर्ध्या मिनिटात एक लग्न, पुढच्या अर्ध्या मिनिटात एक अपघात, मग एक पाककृती. तासाभराने विचारले "काय विचार केलास?" तर उत्तर नसते.

नेरळहून मुंबईला जाणाऱ्यांचे दिवसाचे साधारण चार तास लोकलमध्ये जातात. महिला डब्यात मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या, क्रोशाची सुई चालवणाऱ्या भगिनी पूर्वी सर्रास दिसत. आजही काही दिसतात. नजर खिडकीबाहेर, बोटे आपोआप चाललेली. त्यांना विचारून पाहा, घरातले किती प्रश्न बदलापूर ते कल्याणच्या दरम्यान सुटले आहेत! गंमत अशी की, आपल्याच स्टेशनाला लागून माथेरानची छोटी गाडी उभी असते. पीरभॉय घराण्याने सोळा लाख रुपये खर्चून बांधलेली ही गाडी २२ मार्च १९०७ रोजी सुरू झाली आणि आजही २१ किलोमीटरला दोन-अडीच तास घेते. मुंबईचे लोक पैसे मोजून हा सावकाशपणा विकत घेतात. आपण पायथ्याशी राहतो आणि तो फुकट असूनही घेत नाही.

परंतु हाताच्या कामाचे कौतुक करताना तोंड सांभाळावे लागते, कारण आपल्याच तालुक्यात हातांनी जगणारी माणसे आहेत. वीटभट्टीवर कुटुंबासह माती मळणारा कातकरी बांधव 'हस्तकलेचा आनंद' घेत नसतो. माथेरानच्या लाल मातीत माणसाला बसवून हातरिक्षा ओढणारा माणूसही नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करण्याचा आदेश दिला, तो याचसाठी. बायबलमधील सिराखच्या बोधग्रंथाला हा पेच ठाऊक होता. त्याचा ३८ वा अध्याय घरी अवश्य वाचा. शास्त्र्याला शहाणपण येते ते फुरसतीमुळे, असे तो आधी मान्य करतो. मग नांगऱ्या, कोरीव काम करणारा, लोहार, कुंभार यांचे एकेकाचे काम तो इतक्या बारकाईने रंगवतो की भट्टीची धग आपल्याला लागावी. आणि शेवटी म्हणतो की जगाचा संसार यांच्यावरच चालला आहे, त्यांचे काम हीच त्यांची प्रार्थना आहे. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात तर देव आपल्या आत्म्याने बसालेल नावाच्या कारागिराला भरून टाकतो, तेही सोन्याचांदीचे, दगडाचे आणि लाकडाचे काम करण्यासाठी.

म्हणून हातकामातला आनंद ही पोट भरलेल्यांची चैन होऊ द्यायची नसेल तर फुरसत वाटून घ्यावी लागते. शब्बाथाची आज्ञा आपण "मिस्सा चुकवू नये" एवढीच लक्षात ठेवतो. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ती नीट वाचली तर दिसेल की विसावा मालकाला सांगितला आहे तसाच दासाला, दासीला, बैलाला आणि गाढवालाही सांगितला आहे. आपल्या घरी धुण्याभांड्याला येणारी ताई रविवारी काय करते? तिलाही कधी ओट्यावर बसून गोधडीचे चार टाके घालावेसे वाटत असतील, स्वतःच्या नातवासाठी. तिला रविवारची सुट्टी पगार न कापता देणारी घरे आपल्या धर्मग्रामात किती आहेत, हे ज्याने त्याने मोजावे.

मुलांविषयी थोडेसे. इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द ग्रीक भाषेतून आला आणि मुळात त्याचा अर्थ फुरसत असा होता. आजच्या शाळकरी मुलाला हे सांगितले तर त्याला ती थट्टा वाटेल. शाळा, क्लास, क्लासचा गृहपाठ, आणि सुट्टीत 'छंदवर्ग', तोही वेळापत्रकासह. हस्तकलेचा प्रकल्प दुकानातून तयार आणला जातो किंवा आई रात्री जागून करते. अरविंद गुप्ता यांचे नाव पालकांनी ऐकले असेल. आयआयटीत शिकलेले हे अभियंते आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून मुलांना खेळणी करायला शिकवू लागले, पुढे पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे हेच केले, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांना किंमत जवळजवळ नसते. मोडले तर मोडले. मुलाने खेळणे मोडून आत काय आहे ते पाहणे हाही विचारच असतो, हे लक्षात असू द्या. आणि त्याला कंटाळा आला म्हणून लगेच धावू नका. थोडा वेळ कंटाळू द्या, समोर सुतळी आणि पुठ्ठा पडलेला असू द्या.

जपमाळेच्या तक्रारीचे उत्तर द्यायचे राहिले. भगिनींनो, माळेचे मणी कशासाठी आहेत असे तुम्हाला वाटते? केवळ मोजण्यासाठी असते तर बोटे पुरली असती. मणी हे त्याच देवदूताच्या दोरीचे भावंड आहेत. बोटांना पकडायला काही मिळते, आणि मन बाजारात गेले तरी पुढचा मणी त्याला परत बोलावतो. बाजारात ते कोणाला भेटून आले तेवढे पाहा. आजारी शेजारीण आठवली असेल तर पुढचे रहस्य तिच्यासाठी म्हणा आणि संध्याकाळी तिच्याकडे जाऊन या.

नाताळच्या गोठ्याविषयी आताच सांगून ठेवतो. यंदा तयार गोठा आणि लुकलुकणारे तारे विकत आणायचे नाहीत असे आम्ही ठरवले आहे. आगमनकाळातल्या चारही रविवारी, मिस्सेनंतर दुपारच्या जेवणापर्यंत, सभागृह उघडे राहील. घरी असतील त्या बांबूच्या कामट्या, सुतळी, जुने पुठ्ठे, पतंगी कागद आणि कात्री घेऊन या. खळ आम्ही शिजवून ठेवू. गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी दहाबारा दिवस आधी पेरावी लागते, ते काम लहान मुलांकडे. ज्या निवृत्त बांधवांना कामट्या तासता येतात त्यांनी मुलांना शिकवावे. सुरी कशी धरायची हे आधी, बाकीचे नंतर. मोबाइलसाठी दाराशी टोपली ठेवलेली असेल. तारा वाकडा झाला तरी टांगला जाईल. आणि ज्यांना काहीच करायचे नाही, नुसते बसून इतरांचे हात पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी खिडकीशेजारी चार खुर्च्या ठेवल्या आहेत.

आपले धर्मगुरू